फिर्यादीच्या गोष्टीतली नायिका

नेटफ्लिक्सवरच्या ‘चिलिंग ॲडव्हेंचर्स ऑफ सबरीना’ या मालिकेचा पहिला भाग, म्हणजे पहिला सीझन, एका सहीपाशी अडून राहतो. ग्रीनडेल या काल्पनिक अमेरिकी गावातली सबरीना स्पेलमन ३१ ऑक्टोबरला, ऐन हॅलोविनच्या दिवशी, १६ वर्षांची होणार आहे. वडील चेटूक करणाऱ्या पंथाचे मुख्य पुरोहित होते, आई साधी माणसांतली. दोघंही कधीच गेले आणि झेल्डा व हिल्डा या दोन आत्यांनी पोरीला वाढवलं. पंथाचा रिवाज असा की सोळाव्या वाढदिवशी जंगलात जाऊन सैतानाच्या पोथीत आपलं नाव लिहायचं. नाव लिहिलं की पूर्ण शक्ती मिळते. बदल्यात शाळा, मैत्रिणी, हार्वी नावाचा मित्र, सगळं सोडायचं आणि सैतान बोलावेल तेव्हा हजर व्हायचं. सबरीना भर विधीतून पळ काढते. शक्ती हवी तर स्वातंत्र्य सोड, ही अट तिला मान्य नाही. तिच्यासारखीच चेटकीण असलेली प्रुडन्स तिला सांगते की दोन्ही एकदम आपल्या हाती येणं सैतानाला परवडणार नाही. शेवटी तोही पुरुषच.

सबरीना आर्ची कॉमिक्सच्या पानांवर १९६२ साली जन्मली. १९९६ ते २००३ या काळात तिची एक हलकीफुलकी विनोदी मालिका झाली, त्यात बोलणारं काळं मांजर भाव खाऊन जायचं. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या मालिकेनं तिला अंधारात नेलं आणि २०२० च्या ३१ डिसेंबरला चौथ्या भागाबरोबर गोष्ट संपवली. मी ती आवडीनं पाहिली. कियर्नन शिप्काची सबरीना हट्टी आहे, चुका करते, आणि धर्मसत्ता कशी बोलते याची लिहिणाऱ्यांना चांगली जाण आहे. फादर ब्लॅकवुड हा पंथाचा प्रमुख परंपरेचं नाव घेऊन बायकांना जागा दाखवतो तेव्हा तो सैतानाचा पुजारी आहे हे विसरायला होतं, इतका तो ओळखीचा वाटतो. (पुढे नरकाच्या गादीवरून जी मारामारी चालते तिथे मात्र कथेचा दम गेला, पण ते असो.)

तरीही माझं या मालिकेशी एक भांडण आहे. सैतान दाखवला, काळी पूजा दाखवली म्हणून कोकलणाऱ्यांचं ते भांडण नव्हे. माझी तक्रार त्या पोथीबद्दल आहे. ती पोथी लेखकांच्या डोक्यातून निघालेली नाही. ती एका न्यायालयाच्या दप्तरातून आली आहे, आणि तिथे तिनं माणसं मारली आहेत.

१ मार्च १६९२. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम व्हिलेज, ज्याला आज डॅन्व्हर्स म्हणतात. पाद्री सॅम्युएल पॅरिस याच्या घरातल्या दोन मुलींना झटके येऊ लागले होते, आणि त्यावरून तीन बायकांना पकडून आणलं होतं. सारा गुड ही भीक मागून पोट भरणारी. सारा ऑस्बोर्न ही आजारी. पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून तिचा पुटनम या बड्या घराण्याच्या नातेवाइकांशी जुना वाद होता. तिसरी टिटुबा, पॅरिसच्या घरातली गुलाम. मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्न यानं सारा गुडला जे विचारलं ते कागदोपत्री आहे. कोणत्या दुष्ट आत्म्याशी तुझा संबंध आहे? कोणाशीच नाही. सैतानाशी तू करार केला नाहीस का? नाही. मग या मुलांना का छळतेस? मी छळत नाही.

या प्रश्नांची रचना बघा. चेटूक झालं आहे हे आधीच ठरलेलं आहे, करार आहे हेही ठरलेलं आहे, फक्त तुझा त्यात हात किती एवढंच विचारायचं राहिलं आहे. साराला तीन वेळा ‘नाही’ म्हणण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. टिटुबानं मात्र ‘हो’ म्हटलं. काळ्या कपड्यातला एक उंच माणूस आला, त्याच्याजवळ पोथी होती, त्या पोथीत मी खूण केली, असं तिनं सांगितलं. पोथीत एकूण नऊ खुणा होत्या, त्यांतल्या दोन सारा गुड आणि सारा ऑस्बोर्नच्या. उरलेल्या कोणाच्या ते ठाऊक नाही. झालं, उरलेल्या खुणांची माणसं शोधायला गाव मोकळं झालं. पॅरिसनं मारून मारून हे वदवून घेतलं, असं टिटुबानं पुढे सांगितल्याची नोंद आहे. तोवर उशीर झाला होता. १९ जणांना फाशी झाली, त्यांत १४ बायका. जाइल्स कोरी या म्हाताऱ्यानं खटल्याला उभं राहायलाच नकार दिला म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला चिरडलं. सारा ऑस्बोर्नसह निदान पाच जण तुरुंगातच गेले.

आता यातली सर्वांत विचित्र गोष्ट. ज्यांनी कबुली दिली ते जगले. होय, मी सही केली, मी काठीवर बसून सभेला गेले, असं म्हणणाऱ्यांना न्यायालयानं राखून ठेवलं, कारण पुढची नावं त्यांच्याकडून काढायची होती. फासावर गेले ते ‘मी चेटकीण नाही’ या वाक्यावर ठाम राहिलेले. ७१ वर्षांची रेबेका नर्स गेली, ती चर्चची जुनी आणि मान असलेली सभासद होती. सारा गुडला फाशीच्या जागी पाद्री निकोलस नॉइस यानं शेवटचं कबूल करायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, तू जितका जादूगार तितकीच मी चेटकीण. खोटं बोलून जीव वाचत होता आणि या बायकांनी खोटं बोलायला नकार दिला. सेलमच्या खटल्यांत शौर्य म्हणून काही असेल तर ते हेच.

आणि सबरीनाच्या जगात नेमकं हेच शौर्य निरर्थक ठरतं. तिथे पोथी खरी आहे. सैतान खरा आहे, जंगलातल्या सभा खऱ्या आहेत, सही केली की शक्ती मिळते हेही खरं. म्हणजे हॅथॉर्नचं सगळं बरोबर होतं, फक्त त्यानं चुकीची बाजू घेतली. पहिल्या भागाच्या शेवटी ‘ग्रीनडेल थर्टीन’ येतात, कधीकाळी फाशी दिलेल्या तेरा बायकांची भुतं. गावाचा सूड घ्यायला त्या उठतात आणि त्यांना रोखायची ताकद मिळावी म्हणून सबरीना अखेर पोथीत नाव लिहिते. प्रसंग जबरदस्त आहे. पण या तेराजणी कोण? खऱ्याखुऱ्या चेटकिणी. गावानं फाशी दिलेल्या सगळ्या तेराच्या तेरा चेटकिणीच निघाव्यात, इतका अचूक निवाडा जगात कोणत्याही न्यायालयानं केला नसेल! सबरीनाच्या एका मित्राचं आडनावही पुटनम ठेवलं आहे. ज्या घराण्यानं सेलममध्ये सर्वांत जास्त फिर्यादी केल्या त्याचं नाव इथे नुसती गावरंगाची सजावट होऊन बसलं आहे.

मांजराचंही तसंच. सबरीनाचं सेलम नावाचं मांजर हा तिचा ‘फॅमिलियर’, म्हणजे चेटकिणीला साथ देणारा, प्राण्याच्या रूपातला जीव. मालिकेत तो लाडका आहे. १६९२ मध्ये सारा गुडची मुलगी डोरोथी चार वर्षांची होती. तिलाही पकडलं, तिलाही विचारलं, आणि त्या पोरीनं सांगितलं की माझ्याकडे एक छोटा साप आहे, तो बोट चोखतो, आईनं दिला. हा झाला तिचा फॅमिलियर, आणि हाच आईविरुद्धचा पुरावा. डोरोथीला बेड्या घालून महिनोन्‌महिने तुरुंगात ठेवलं. सुटल्यावर ती कधीच ठिकाणावर आली नाही, असं तिच्या बापानं १७१० साली भरपाई मागताना लिहून दिलं आहे. मांजर गोड दिसतं म्हणून कोणी मालिकेवर खटला भरावा असं मी म्हणत नाही. पण या कल्पना कुठून आल्या हे माहीत असलं की ते गोडपण घशाखाली उतरत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की बायांनो, हे उलटवणं आहे. ज्या नावानं आम्हाला मारलं तेच नाव आम्ही मिरवू. ‘ज्यांना तुम्ही जाळू शकला नाहीत त्या चेटकिणींच्या आम्ही नाती’, हे वाक्य टी-शर्टांवर, मोर्च्यांतल्या फलकांवर दिसतं. या भावनेला जुना इतिहास आहे. मटिल्डा जोस्लिन गेज या अमेरिकी स्त्रीहक्कवादी लेखिकेनं १८९३ साली चेटकीण म्हणजे चर्चला नको असलेली ज्ञानी बाई, अशी मांडणी केली. तिनं नव्वद लाख बळींचा आकडाही पसरवला. युरोपात प्रत्यक्षात मारले गेलेल्यांचा अंदाज आज इतिहासकार ४० ते ६० हजार असा देतात, जो काही कमी भयंकर नाही. १९२१ मध्ये मार्गारेट मरे यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या मते हे आरोपी एका प्राचीन, ख्रिस्तपूर्व धर्माचे खरे अनुयायी होते. त्यांच्या सभा होत, विधी होत, शिंगं असलेला देव होता. पुढच्या इतिहासकारांनी हा सिद्धान्त मोडीत काढला. कारण साधं होतं. मरे यांचा पुरावा म्हणजे कबुलीजबाब, आणि कबुलीजबाब म्हणजे छळ करणाऱ्यांच्या प्रश्नांचे प्रतिध्वनी.

तज्ज्ञांनी टाकून दिलेला हा सिद्धान्त पडद्यावर मात्र ठणठणीत जिवंत आहे. तिसऱ्या भागाच्या अखेरीस सबरीनाच्या आत्या सैतानाला सोडून हेकेटी या प्राचीन ग्रीक देवीच्या भजनी लागतात, आणि मालिका ते मुक्तीसारखं दाखवते. पुरुष देव गेला, बाई देवी आली. मला त्या दृश्यात मरे यांचीच सावली दिसली.

शिवी उलटवून मिरवायची युक्ती मला पटते, पण एका अटीवर. ज्या समूहाला शिवी दिली तो समूह खरा असला पाहिजे. काळी माणसं आहेत, समलिंगी माणसं आहेत, त्यांच्या असण्यालाच गुन्हा म्हटलं गेलं, म्हणून ‘हो, आम्ही आहोत’ हे त्यांचं उत्तर सत्तेचं तोंड बंद करतं. चेटकिणींचा असा समूह नव्हता. आरोप झालेल्या बायकांना जोडणारी एकच गोष्ट होती, की त्यांच्यावर आरोप झाला. ‘हो, आम्ही चेटकिणी’ हे उत्तर टिटुबाकडून मारून वदवलेलं उत्तर आहे. ते आज हौसेनं दिलं तरी फिर्याद खरी ठरवूनच दिलं जातं.

सेलम शहरानं स्वतः या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पोलिसांच्या गाड्यांवर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचं चित्र आहे. शाळेच्या संघाचं नाव ‘विचेस’. लॅपिन पार्कमध्ये २००५ पासून एका जुन्या विनोदी मालिकेतल्या चेटकिणीचा ब्राँझचा हसरा पुतळा उभा आहे, आणि ऑक्टोबर महिन्यात टोकदार टोप्या घातलेल्या पर्यटकांनी रस्ते तुंबतात. त्याच शहरात १९९२ साली, खटल्यांना ३०० वर्षं झाली तेव्हा, एक साधं स्मारक उभारलं. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर आरोपींची वाक्यं कोरली आहेत, आणि ती भिंतीखाली जाऊन मध्येच तुटतात. ती सगळी निर्दोषपणाची वाक्यं आहेत. ज्यांनी हे स्मारक रचलं त्यांना त्या बायकांचं म्हणणं नेमकं कळलं होतं. फाशीची खरी जागा, प्रॉक्टर्स लेज, २०१६ मध्ये निश्चित झाली; ती एका औषधांच्या दुकानाच्या मागे निघाली. आणि एलिझाबेथ जॉन्सन ही शेवटची दोषी कायद्यानं निर्दोष ठरली ती २०२२ मध्ये, तेही आठवीतल्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर पाठपुरावा केला म्हणून. तिला फाशी झाली नव्हती, नुसती शिक्षा सुनावली होती, पण तो शिक्का ३२९ वर्षं राहिला.

जाता जाता एक गंमत. मालिका आली त्याच वर्षी ‘द सटॅनिक टेंपल’ या संस्थेनं, जिचं मुख्यालय सेलममध्येच आहे, नेटफ्लिक्स आणि वॉर्नर ब्रदर्सवर ५ कोटी डॉलरचा दावा लावला. आमच्या बाफोमेटच्या, म्हणजे बोकडाच्या डोक्याच्या सैतानी मूर्तीच्या, पुतळ्याची नक्कल केली, शिवाय आमची मूर्ती दुष्टांच्या घरात दाखवून आमची बदनामी केली, अशी तक्रार होती. नोव्हेंबरात तडजोड झाली आणि पुतळ्याचं श्रेय संस्थेला मिळालं. म्हणजे सैतानाच्या पुतळ्याच्या अब्रूसाठी वकील उभे राहिले. रेबेका नर्सच्या बाजूनं कोण उभं राहणार होतं?

हे सगळं अमेरिकेचं जुनं दुखणं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार जादूटोण्याच्या कारणावरून भारतात २०२१ मध्ये ६८ आणि २०२२ मध्ये ८५ खून झाले. हे फक्त खून. गावातून हाकलणं, नग्न धिंड, विष्ठा खायला घालणं यात नाही. झारखंडच्या छुटनी महतो यांनी हे स्वतः भोगलं आणि नंतर तशाच बायकांना आसरा दिला. आसामच्या बिरुबाला राभा गावोगाव जाऊन सांगत राहिल्या की डायन नावाची चीजच नसते. दोघींना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बिरुबालांच्या साऱ्या कामाचा पाया म्हणजे सारा गुडची ती तीन ‘नाही’. आपल्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवर डाकीण ठरवण्याविरुद्ध काम करणाऱ्यांनाही तिथूनच सुरुवात करावी लागते.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत एक कलम मला सेलमच्या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्रानं जनावरांचं दूध आटवतो, त्याच्यामुळे रोगराई येते, असं जाहीर करणं हाच तिथे गुन्हा आहे. सारा गुडविरुद्ध शेजाऱ्यांनी नेमकी अशीच साक्ष दिली होती: तिला घरातून काढलं आणि आमची गुरं मरायला लागली. सेलमच्या न्यायालयानं त्या बाईची झडती घेतली. आपला कायदा बोट दाखवणाऱ्याला पकडतो. बाईकडे शक्ती आहे की नाही या चर्चेत तो शिरतच नाही, आणि हेच त्याचं शहाणपण आहे. सगळ्या चेटकीण-मालिका मात्र त्याच चर्चेत शिरतात, आपल्या दैनंदिन मालिकांतल्या डायनी, नागिणीसुद्धा. सबरीना निदान बाईच्या बाजूनं शिरते; आपल्या बहुतेक मालिकांत डायन ही थेट मारायचीच वस्तू असते.

मग काय बंदी घालायची? मुळीच नाही. नेटफ्लिक्स पाहून कोणी शेजारणीला झाडाला बांधत नाही, आणि जिथे बांधतात तिथे कारण जमिनीचा तुकडा असतो, एकटी विधवा असते, दवाखाना वीस किलोमीटरवर असतो. भुताखेतांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना कोणी इतिहासाची परीक्षा द्यायला लावू नये. कल्पनेतलं चेटूक आणि खरा आरोप यांत फरक करायची अक्कल प्रेक्षकाला असते. माझी अडचण वेगळी आहे. ही मालिका स्वतःच सेलमला हात घालते. मांजराचं नाव तेच, फाशीचं झाड तेच, पुटनम तेच. खऱ्या मेलेल्यांचं वजन तिला हवं आहे, त्या वजनावर तिचा स्त्रीवाद उभा आहे, पण त्या मेलेल्यांनी शेवटपर्यंत जे सांगितलं तेवढंच तिला नको आहे.

आणि ते घेतलं असतं तर कथा बिघडली नसती, उलट चढली असती. त्या तेरा फाशी गेलेल्यांत एक बाई साधी असती असं धरा. जंगलात कधी न गेलेली, पोथी कधी न पाहिलेली, नुसत्या शेताच्या बांधावरून भांडण झालेली. बाकीच्या बारा सूड घ्यायला उठल्या आहेत आणि ही एकटी म्हणते आहे की मी यांच्यातली नाही, मी तेव्हाही नव्हते. सबरीनासमोर मग खरा पेच आला असता. कारण ती बाई जिच्यासाठी मेली ती अपराधी चेटकीण सबरीनाच्या घरातलीच कोणीतरी असणार. आत्यांच्या पंथानं स्वतः लपून राहण्यासाठी एका शेतकरणीला फासावर जाऊ दिलं असणार. सोळा वर्षांच्या पोरीनं तेव्हा पोथीत नाव लिहायचं की नाही, हा प्रश्न शक्ती आणि स्वातंत्र्य यांच्यापुरता राहिला नसता. चार भाग लिहिणाऱ्या माणसांना ही एक बाई सुचली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.